शस्त्रे घडविणाऱ्या हातांविषयी

युद्ध हे पाप आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर देणे फारसे जड जात नाही. कारण बहुधा विचारणारा व उत्तर देणारा असे दोघेही युद्धापासून पुष्कळ दूर ओट्यावर बसलेले असतात. परंतु आमच्या आंबेगाव व जुन्नर भागांतील मंडळ्यांत अलीकडे जो प्रश्न निघू लागला आहे तो निराळा आहे. तो ओट्यावरचा नाही, चुलीजवळचा आहे. अवसरी खुर्द येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे व २००९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. ज्या घरांतील आजोबांनी दुसऱ्याच्या बांधावर जन्मभर मजुरी केली, त्या घरांतील मुले आज तेथे यंत्रांची विद्या शिकतात. ही गोष्ट आनंदाची आहे, आणि तो आनंद आम्ही लपवीत नाही. पुढे शिक्षण पुरे होते आणि मुलगा नाशिकच्या सडकेने पुण्याकडे नोकरी शोधावयास जातो. तेथे खडकीस दारूगोळ्याचा कारखाना आहे. तो १८६९ पासून आहे. देहूरोडला दुसरा आहे. मग एके दिवशी मुलाची आई उपदेशकाच्या दारी येते आणि विचारते, "पाळकसाहेब, आमच्या पोराने बंदुकीच्या गोळ्या कराव्या का? करून त्याचा रोजगार घरात आणला, तर तो आम्हांला पचेल का?"

ह्या प्रश्नास दोन तयार उत्तरे आहेत व ती दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. पहिले असे की, देशाचे काम आहे, सरकारचा हुकूम आहे, मग पाप कसले? दुसरे असे की, हत्येची मनाई करणारी आज्ञा सर्वांस पाठ आहे, मग ही भाकर निषिद्ध समजावी. पहिले उत्तर देणारा विचार करीत नाही. दुसरे उत्तर देणाऱ्याच्या घरी बहुतकरून दुसरी भाकर असते.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता, हे प्रथम ध्यानात घ्यावे. शौल राजाच्या काळी इस्राएलाच्या देशात लोहार राहू दिला नव्हता. इब्र्यांनी तरवारी व भाले करू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी तसा बंदोबस्त केला होता, आणि नांगराच्या फाळास धार लावावयाची तरी शेतकऱ्यास शत्रूच्या गावी जावे लागे. कारण उघड आहे. फाळ करणारा हात व तरवार करणारा हात एकच असतो. आमच्या गावांतही लोहाराने विळा केला, कुऱ्हाड केली, उसाच्या तोडणीचा कोयता केला. त्या कोयत्याने उद्या कोणी भावकीतल्या माणसावर वार केला तर लोहार दोषी आहे असे कोणी म्हणत नसे, परंतु दारू पिऊन, भांडण करून, डोळे तांबडे करून आलेल्या माणसास धार लावून देताना शहाणा लोहार म्हणे, "उद्या ये, आज भाता बंद आहे." ह्या एका वाक्यात पुष्कळ धर्म आहे. लोहारास घेणाऱ्याचे तोंड दिसत होते, म्हणून त्यास तसे म्हणता येत होते. आज कारखान्यात जो मुलगा पितळेची नळी यंत्रावर चढवितो त्यास कोणाचे तोंड दिसते? पुढच्या यंत्रावरच्या माणसाचे. त्या माणसास त्याच्या पुढच्याचे. शेवटी ती नळी कोणाच्या छातीशी जाऊन थांबते हे त्या साखळीतील कोणासच ठाऊक नसते.

आमच्या भागात बिबट्यांचा उपद्रव आहे, हे वाचकांस सांगणे नको. उसात बिबट्या लपतो आणि पोर उचलतो. तो दिवस सर्व गावास आठवतो. पावलांचे ठसे कोठे दिसले, कोण धावले, वनखात्याचा पिंजरा केव्हा आला, हे वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्या जनावराचा आम्हांस राग येतो. परंतु त्याच्याविषयी एवढे तरी म्हणावे लागते की, जे त्याने मारले ते त्याने पाहिले. मनुष्याने मात्र न पाहता मारण्याची विद्या फार पुढे नेली आहे.

ही विद्या अगदी नवी आहे असेही नव्हे. दावीद राजाने उरीयास मारले तेव्हा त्याने तरवार उपसली नाही. त्याने एक पत्र लिहिले, आणि ते उरीयाच्याच हाती दिले. यवाबाने त्या पत्राप्रमाणे फौजेची मांडणी केली. तटावरून बाण मारला तो कोणा अम्मोनी तिरंदाजाने, आणि त्यास तर उरीया कोण हेही ठाऊक नव्हते. राजाने लिहिले, सेनापतीने मांडणी केली, शत्रूने बाण सोडला, आणि मरणारा स्वतःच निरोप्या झाला. ह्यांतील खुनी कोण? जासुदाने येऊन वर्तमान सांगितले तेव्हा राजाने जे उत्तर दिले त्याचा भाव असा की, लढाईत असे व्हायचेच. नाथान संदेष्टा आला नसता तर दाविदाची झोप मोडली नसती, असे आम्हांस वाटते. आजकालचे युद्ध म्हणजे तेच पत्र आहे. ते आता एका हातातून नव्हे, हजार हातांतून जाते, एवढाच फरक.

हे नुसते दृष्टान्ताचे बोलणे वाटू नये म्हणून आमच्याच लोकांच्या एका प्रसंगाकडे वाचकांचे लक्ष वेधितो. जुन्नर, आंबेगाव व खेड ह्या तालुक्यांतील माणसे पोटासाठी मुंबईस जात आली आहेत. कोणी गिरणीत, कोणी भाजीच्या बाजारात, कोणी मस्जिद बंदर व गोदीच्या आसपास पाठीवर ओझी वाहत. १९४४ च्या एप्रिलात दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढाई होती. मुंबईवर शत्रूचा एकही गोळा पडला नव्हता. १२ एप्रिल रोजी 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. ते इंग्लंडातून निघून कराचीवरून आले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. तोफगोळे, पाणतीर, सुरुंग. कराचीस त्यातील काही माल उतरला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, मासळीचे खत असा माल भरला गेला. कापूस व दारू एका जहाजात! आपल्या घरातील म्हातारीनेही चुलीशेजारी कडबा रचू दिला नसता. जहाजाच्या कप्तानास ही भरती पसंत नव्हती असे सांगतात. परंतु युद्धाचा काळ. जहाजे थोडी, माल पुष्कळ, आणि एक हातही जागा रिकामी नेणे म्हणजे गुन्हा. स्फोटक माल आणणाऱ्या जहाजाने गोदीच्या बाहेर थांबावे व पडावांत माल उतरवावा, तांबडे निशाण लावावे, हे जुने नियम होते. ते युद्धाच्या घाईत सैल झाले. निशाण लावले नव्हते.

१४ एप्रिल, शुक्रवार. पुनरुत्थानाचा सण होऊन पाच दिवस झाले होते. दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दुसऱ्या खणातून धूर निघताना दिसला. बंब आले. पाणी मारू लागले. पुढचे दोन तास जे घडले ते, आमच्या मते, ह्या सर्व कथेचे मर्म आहे. जहाज जागीच बुडवावे, की ओढून समुद्रात न्यावे, की तेथेच आग विझवावी, ह्याविषयी अनेक अधिकारी बोलले. गोदीचे निराळे, लष्कराचे निराळे, जहाजाचे निराळे. प्रत्येकास आपल्या अधिकाराची सीमा ठाऊक होती, आणि त्या सीमेच्या आत प्रत्येकाने आपले काम केले. सर्वांच्या वतीने निर्णय करणारा कोणी नव्हता. आणि गोदीत व आसपासच्या रस्त्यांवर जे हमाल, गाडीवाले व कारकून होते त्यांस तर काहीच ठाऊक नव्हते. तांबडे निशाण नव्हते ना. लोक धूर पाहत उभे राहिले. बंबवाल्यांनी मात्र शेवटपर्यंत जागा सोडली नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. 'जलपद्मा' नावाच्या जहाजाचा मागील भाग उचलून गोदीच्या शेडवर जाऊन पडला. धरणीकंप मोजण्याच्या सिमल्याच्या यंत्रावर त्याची नोंद झाली. पेटलेल्या कापसाच्या गाठी आभाळातून मांडवीच्या व आसपासच्या वस्तीवर पडल्या व घरे पेटली. गोदीच्या वखारींत हजारो टन धान्य होते, तेही जळाले. आणि हे त्या वेळी की, वर्षभरापूर्वी बंगालात लाखो माणसे अन्नान्न करून मेली होती. आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले, आणि ढिगारे उपसण्यास पुढे कित्येक महिने. बंबखात्याचे ६६ लोक मेले. १४ एप्रिल हा दिवस सर्व देशात त्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो. (त्याच दिवशी आमच्या गावोगावी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुका निघत असल्यामुळे हे दुसरे स्मरण खेड्यांत फारसे कोणास ठाऊक नसते.) एकंदर मृत्यूंचा सरकारी आकडा सातशेच्या पुढे होता, खरा आकडा हजाराच्या वर गेला असे पुष्कळांचे मत आहे.

हा फरक का पडतो, हे वाचकांनी नीट पाहावे. त्या जहाजात दारूगोळ्याबरोबर आणखी एक माल होता. सोन्याच्या विटा होत्या. ३१ पेट्या, प्रत्येकीत चार, म्हणजे १२४ विटा. प्रत्येक विटेची नोंद होती. स्फोटात त्यांतील एक वीट कोसभराच्या अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली, आणि त्या भल्या माणसाने ती सरकारात जमा केली. बाकीच्या शोधण्यासाठी पाणबुडे उतरले, गाळ उपसला गेला, आणि पुढे तीस वर्षांनीसुद्धा गाळातून वीट निघाल्याचे वर्तमान छापून येत असे; कारण नोंद होती, हिशेब लागत नव्हता, आणि सोन्याचा हिशेब मनुष्य सहसा सोडीत नाही. परंतु सकाळी गोदीच्या फाटकाशी मुकादमाने "तू ये, तू ये" म्हणून जो हमाल आत घेतला, त्याचे नाव कोणत्या वहीत होते? त्याच्या घरी मनिऑर्डर येणे बंद झाले, तेव्हा गावाला कळले. कित्येकांच्या घरी, नाहीसा झाला की पळून गेला, हा संशय बायकोने मरेपर्यंत उशाशी घेऊन झोपावे लागले असेल. सरकारने ती बातमी महिनाभर दाबून ठेविली. जपान्यांच्या ताब्यातील सायगावच्या रेडिओने ती जगास दुसऱ्याच दिवशी सांगितली होती. म्हणजे शत्रूला कळले, पण ज्याचा भाऊ मेला त्यास कळू नये अशी व्यवस्था.

चौकशी आयोग बसला. त्याने ठरविले की हा घातपात नव्हे, अपघात होय. आम्हांस हा निकाल खोटा वाटत नाही. कोणी शत्रू आला नाही, कोणी द्वेषाने आग लाविली नाही. बहुधा कोणाची विडी अथवा सिगारेट. परंतु त्यामुळेच आमचे मन अधिक अस्वस्थ होते. शत्रूच्या बाँबने मेले असते तर निदान कोणास दोष देता आला असता. येथे तर एवढी माणसे मेली आणि मारणारा कोणी नाही! खण भरणाऱ्याने खण भरला, नियम सैल करणाऱ्याने वरचा हुकूम मानिला, निशाण न लावणाऱ्याने चालीप्रमाणे केले. पापाचे एवढे बारीक तुकडे केले की, एकाच्याही वाट्यास रुपयात आण्याएवढेही आले नाही. काइनाने निदान हाबेलावर स्वतः हात टाकिला होता.

अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात एक विधी आहे. तो आमच्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो, आणि वाचला तर जुन्या काळचा एक चमत्कारिक आचार म्हणून पुढे पान उलटले जाते. शेतात एखादे प्रेत सापडले, आणि कोणी मारले हे ठाऊक नसले, तर काय करावे? वडील मंडळींनी बाहेर येऊन त्या प्रेतापासून सभोवारच्या गावांपर्यंत अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ भरेल, त्या गावच्या वडिलांनी जोखडाखाली न गेलेली कालवड घेऊन, वाहत्या पाण्याच्या व कधी न नांगरलेल्या खोऱ्यात जावे, तेथे तिची मान मोडावी, तिच्यावर आपले हात धुवावे, आणि हे रक्त आमच्या हातांनी पाडिले नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही, असे देवासमोर बोलावे. शेताच्या मोजणीवरून ज्यांची डोकी फुटतात अशा आम्हां शेतकऱ्यांस ह्या विधीचे वर्म सहज कळावे. त्या वडिलांनी कोणास मारले नव्हते. ते घरी बसून "आम्ही नव्हे" असे म्हणू शकत नव्हते काय? म्हणू शकत होते, पण ते पुरत नव्हते. दोरी घेऊन बाहेर यावे लागे. प्रेताजवळ उभे राहावे लागे. ते पाहावे लागे. मग हात पाण्यात घालून, काय केले व काय केले नाही, ते तोंडाने बोलावे लागे. जे प्रेत कोणाचेच नव्हते ते मोजणीने कोणाचे तरी होई.

आजची रीत नेमकी उलटी झाली आहे. आज अंतर मोजतात ते आपण किती दूर होतो हे दाखविण्यासाठी. दूर भरला तो सुटला. आणि शस्त्रे तर वर्षानुवर्षे अधिकाधिक दूर जाऊ लागली आहेत. पहिल्या महायुद्धात ह्या इलाख्यातील मराठा पलटणी 'पूना डिव्हिजन'बरोबर मेसोपोटेमियात गेल्या, कुत येथे वेढ्यात सापडल्या, घोडे मारून खाऊ लागल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांची ती फौज शरण गेली. मग कैदेत कितीतरी मेले. त्या युद्धानंतर सरकारने पुष्कळ गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या, ह्या गावातून इतके गेले व इतके कामास आले, अशा. पाटीवर आकडा असतो. नावे बहुधा नसतात. तरी पण पाटी आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे विमान नऊ किलोमीटरांहून अधिक उंचीवर होते. वर बसलेल्यांस खाली एकही तोंड दिसले नाही. आणि वर्ष संपण्याच्या आत सुमारे एक लक्ष चाळीस हजार माणसे मेली.

येथे कोणी विचारील, आणि रास्तपणे विचारील, की मग देशाने शस्त्रे टाकून द्यावी काय? सीमेवर आमचीही मुले उभी आहेत; ती रिकाम्या हातांनी उभी राहावी काय? आमचे म्हणणे तसे नाही. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले व आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांस चाकरी सोडावयास सांगितले नाही. कोणास लुबाडू नये, कोणावर खोटा आळ घेऊ नये व आपल्या पगारात तृप्त असावे, एवढेच सांगितले. ज्याच्या हाती भाला आहे त्यास भाला धरून कसे वागावे हे त्याने शिकविले. आम्ही त्याहून अधिक कडक होऊ पाहत नाही. दार उघडे टाकून झोपणारा बाप दयाळू नव्हे, बेफिकीर असतो. परंतु दाराला कडी लावणे निराळे, आणि कडीच्या बाहेर कोण मेले हे सकाळी न पाहणे निराळे.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नवी शस्त्रे केवळ अधिक क्रूरच होत गेली असे म्हणणे सत्याला धरून नाही. नागपुरात 'नागास्त्र' नावाचे एक शस्त्र तयार होते. त्याची पहिली तुकडी २०२४ साली आमच्या सैन्यास मिळाली. शिपायाने पाठीवर वाहून न्यावे एवढे ते लहान आहे. ते उडविले की आकाशात घिरट्या घालते, त्याचा डोळा खालचे चित्र पाठवितो, आणि निशाण नक्की झाले म्हणजे ते त्यावर झेप घेऊन फुटते. पण त्याची जी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक विचार करण्याजोगी वाटली ती ही की, ते परत बोलाविता येते. निशाण चुकीचे वाटले, अथवा हुकूम फिरला, तर ते मागे फिरते व पॅराशूटने खाली उतरते. तोफेचा गोळा एकदा सुटला की देवाच्याही हाती सोपविल्यासारखा होता. येथे मनुष्यास शेवटच्या घटकेपर्यंत हात मागे घेता येतो. म्हणजे अंतर वाढले, पण दृष्टी परत आली. हे चांगले झाले काय? आम्हांस वाटते, झाले. परंतु ज्यास परत बोलाविता येते आणि जो बोलावीत नाही, त्यास "मला दिसले नाही" असे म्हणण्याची सवड उरली नाही. दाविदास निदान एवढे म्हणता आले असते की, पत्र निघून गेले होते.

शिवाय हेही विसरू नये की, शस्त्राचा पहिला घाव पुष्कळदा ते करणाऱ्यावर व राखणाऱ्यावरच पडतो. २०१६ च्या मे महिन्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारास रात्री आग लागली. विझवावयास गेलेले जवान व अधिकारी मेले. त्याच परिसरात २०१८ च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा नष्ट करिताना स्फोट झाला. मेलेल्यांत रोजंदारीवर पेट्या उतरविणारे गावकरी होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील कारखान्यात नऊ जण मेले. त्यांपैकी सहा स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात आठ. ह्या दिवसांपैकी एकाही दिवशी त्या गावांत लढाई चालू नव्हती. बाजारगावच्या त्या स्त्रियांनी कोणत्या शत्रूवर शस्त्र धरिले होते? त्या सकाळी डबा भरून कामावर गेल्या होत्या. त्यांची भाकर निषिद्ध होती असे म्हणण्यास आमची जीभ वळत नाही, आणि जो तसे म्हणेल त्याने आधी त्यांच्या घरी जाऊन यावे.

तर मग त्या आईस काय सांगावे? "जाऊ दे" असे सांगावे, असे आमचे मत आहे; परंतु त्या दोन शब्दांवर उपदेशकाने थांबू नये. प्रथम मुलास गोदीची गोष्ट सांगावी, आणि त्यातील खलनायक शोधण्याची त्याची धडपड फुकट जाऊ द्यावी. मग त्यास सांगावे की, तुझ्या कामात ज्या दिवशी एखादा नियम घाईसाठी सैल होईल, पहाऱ्याची वेळ न पाहताच वहीत खूण केली जाईल, दारूच्या पेटीजवळ कापूस ठेविला जाईल, त्या दिवशी बोलणारा पहिला माणूस तू हो. नोकरी धोक्यात येईल. परंतु तांबडे निशाण वर चढविणारा एक माणूस असता तर आमच्या भागांतील किती घरे मोडली नसती!

आणि त्यास आपल्याच तालुक्यातील एक गोष्ट सांगावी. डिंभ्याच्या ज्या धरणाचे पाणी आमच्या शेतांत येते, त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव आहे, आणि हे बाबू गेनू म्हाळुंगे पडवळचे, म्हणजे ह्याच आंबेगाव तालुक्याचे. मुंबईस गिरणीत कामाला होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाची मालमोटार अडविण्यासाठी ते रस्त्यावर आडवे पडले, आणि मोटार त्यांच्या अंगावरून गेली. वय अवघे बावीस. त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे व असावेच. परंतु त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. असे सांगतात की, मोटार हाकणाऱ्या हिंदी चालकास पुढे चल असा हुकूम झाला, तेव्हा त्याने तो मानिला नाही, आणि मग एका गोऱ्या सार्जंटाने चाक आपल्या हाती घेतले. बाबू गेनू तरीही मेले. चालकाच्या नकाराने काही वाचले नाही, असे हिशेबी माणूस म्हणेल. परंतु त्या नकाराने एवढे झाले की, मारणाऱ्यास स्वतः चाकावर येऊन बसावे लागले. त्यास दुसऱ्याच्या हातांनी ते करिता आले नाही. साखळीची एक कडी निघाली, आणि त्या दिवशी कोणास "मी नव्हे" असे म्हणता आले नाही. तो चालक आपल्या नोकरीवर होता, त्याचेही पोट त्या मोटारीवर होते, आणि सकाळी घरून निघताना आज आपल्यास असे काही करावे लागेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. प्रत्येक दिवशी नकार द्यावा असे आम्ही त्या मुलास सांगत नाही. असा दिवस बहुतेकांच्या जन्मात एखादा येतो, कित्येकांच्या येतही नाही. परंतु हात चाकावर आहेत, हे ज्यास रोज ठाऊक असते, त्यासच तो दिवस ओळखू येतो.

मंडळीनेही आपला भाग उचलावा. मुलगा कारखान्यात लागला की गावात पेढे वाटले जातात; वाटावे. पण युद्ध झाले, विजय झाला, असे वर्तमान आले म्हणजे रविवारी उपासनेत आमच्या मेलेल्यांबरोबर पलीकडच्या मेलेल्यांचाही आकडा वाचला जावा. कित्येकांस हे आवडणार नाही; आमच्या एका वडील बंधूंनी तर आम्हांस तसे तोंडावर सांगितले. आम्ही त्यांस एवढेच विचारले की, मोजणीची दोरी प्रेतापासून धरावयाची की आपल्या घरापासून? त्यांनी अद्याप उत्तर दिलेले नाही, व आम्ही घाई करीत नाही.

पुढे तो मुलगा नाताळात रजेवर घरी येईल. पगार किती, खोली कोठे, खानावळ कशी, हे सर्व विचारून झाल्यावर वडील मंडळींपैकी कोणी तरी त्यास हेही विचारावे की, बाबा, ह्या वर्षी तुझ्या हातून जे तयार झाले ते कोठे गेले? तो म्हणेल की, ते सांगण्याची आम्हांस मनाई आहे. ती मनाई त्याने पाळावी. आपण आग्रह करू नये. चहा द्यावा. पण पुढच्या नाताळात पुन्हा विचारावे.